बीएस्सीचा मुख्य विषय निवडताना: सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

नीट आणि सीईटीच्या फेऱ्या संपत आल्या की सोलापूरच्या महाविद्यालयांत बीएस्सीच्या प्रवेशासाठी गर्दी होते आणि पुढची तीन-चार वर्षे ज्या विषयासोबत काढायची, तो विषय अर्ज भरताना उभ्या उभ्या ठरवला जातो. बारावीला ज्यात गुण जास्त पडले तो विषय कुणी घेतो, मैत्रिणीने घेतला तो कुणी घेते, तर एखाद्या घरात 'सध्या बायोटेकला मागणी आहे' किंवा 'केमिस्ट्री घेतली की कारखान्यात चिकटतो' असे कुणीतरी ठामपणे सांगितलेले असते. या कारणांत थोडेफार तथ्य असेलही, पण पदवीनंतर कोणत्या वाटा खुल्या राहतील आणि कोणत्या बंद होतील, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. ते उत्तर शोधण्याची पद्धत येथे सांगितली आहे. तिचा गाभा एवढाच की, पदवीनंतर जिथे जायचे आहे तिथल्या पात्रतेच्या अटी प्रवेशाआधी वाचाव्यात आणि मगच विषय ठरवावा.

आधी जाहिरात वाचावी

सरकारी पदाच्या प्रत्येक जाहिरातीत शैक्षणिक पात्रतेची दोन-तीन वाक्ये असतात. विद्यार्थी ती वाक्ये पदवी हातात आल्यावर वाचतात आणि तेव्हा बदलता येण्यासारखे काही उरलेले नसते. भारतीय वन सेवेचे उदाहरण घ्यावे. या परीक्षेसाठी पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, सांख्यिकी आणि प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो, नाहीतर कृषी, वनविद्या किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत सूक्ष्मजीवशास्त्र नाही, जैवतंत्रज्ञान नाही आणि संगणकशास्त्रही नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात फिरून ज्या मुलाला वन्यजीवांची ओढ लागली आहे, त्याने जैवतंत्रज्ञानाला प्रवेश घेताना सोबत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्र ठेवले नाही, तर ही वाट तो नकळत स्वतःच बंद करून घेतो.

याच्या उलट प्रकारही दिसतो. अन्नसुरक्षा अधिकारी या पदासाठी सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि जीवरसायनशास्त्र यांची साधी पदवी चालते, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र पदव्युत्तर पदवी लागते. भारतीय विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या कनिष्ठ कार्यकारी पदासाठी अभियांत्रिकीची पदवी नसेल, तर भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असलेली बीएस्सी आवश्यक असते. हवामान विभागातील वैज्ञानिक सहायकाच्या भरतीत पदवीच्या अटीबरोबरच बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असण्याची अट घातलेली होती, म्हणजे बारावीला फक्त जीवशास्त्राचा गट घेतलेल्यांसाठी ती संधी पदवीच्या आधीच संपली होती. शेतकरी कुटुंबांत एक समज फार रुजलेला आहे आणि तो इथेच दूर केलेला बरा. वनस्पतिशास्त्राची बीएस्सी केल्यावर कृषी विभागात अधिकारी होता येते, असे अनेकांना वाटते, परंतु कृषी सेवेच्या परीक्षेसाठी कृषी विद्याशाखेचीच पदवी लागते आणि तिचा प्रवेश एमएचटी-सीईटीतून स्वतंत्रपणे होतो.

म्हणून प्रवेशाआधी एक काम करावे. मनात असलेली चार-पाच पदे किंवा पुढचे अभ्यासक्रम लिहून काढावेत, त्यांच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या जाहिराती लोकसेवा आयोगांच्या, कर्मचारी निवड आयोगाच्या किंवा त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्याव्यात आणि वहीच्या एका पानावर पदवीचा विषय, बारावीचे विषय, किमान टक्केवारी, वयोमर्यादा आणि परीक्षेचा महिना एवढेच टिपावे. हे पान विद्यार्थ्याने स्वतः भरावे. पालकांनी किंवा क्लासने भरून दिले तर त्याचा उपयोग निम्मा होतो. पान पूर्ण झाल्यावर कोणता विषय जास्तीत जास्त ओळींत आला, हे उघड दिसते.

मेजर, मायनर आणि चौथे वर्ष

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली आहे. अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाने शिकवले जातात आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांतला एक मेजर (मुख्य विषय) व एक मायनर (दुय्यम विषय) होतो. याचा अर्थ मेजर ठरवायला एक वर्ष मिळते हे खरे, पण पहिल्या वर्षाच्या त्रिकुटात जो विषय घेतलाच नाही, तो पुढे मेजर होऊ शकत नाही. त्यामुळे खरा निर्णय त्रिकुट निवडतानाच होतो आणि महाविद्यालय विषयांचे कोणते गट देऊ करते, हे माहितीपुस्तिकेत पाहून, शंका असल्यास विभागप्रमुखांना भेटून विचारणे आवश्यक ठरते.

तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते, तर चौथ्या वर्षानंतर ऑनर्स मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असतील तर चौथे वर्ष संशोधनासह करता येते. चार वर्षांच्या पदवीनंतर एमएस्सी एका वर्षाची होते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असलेला विद्यार्थी एमएस्सीशिवायही पीएचडीसाठी पात्र ठरू शकतो. एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी: ज्या महाविद्यालयात त्या विषयाचे संशोधन केंद्र आणि मार्गदर्शक प्राध्यापक नाहीत, तिथे संशोधनासह चौथे वर्ष करणे कठीण जाते. अशा वेळी तीन वर्षांनंतर चांगल्या विद्यापीठात दोन वर्षांची एमएस्सी करणे मला अधिक हिताचे वाटते.

मेजर कोणता असावा याविषयी माझे मत स्पष्ट आहे. पदवीला शक्यतो मूळ विषय घ्यावा, म्हणजे रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, सांख्यिकी, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, आणि नवा उपयोजित विषय मायनरला किंवा एमएस्सीला घ्यावा. मूळ विषयाच्या पदवीवरून उपयोजित एमएस्सीला जाता येते, उलट वाट मात्र अरुंद असते. रसायनशास्त्राची पदवी असलेल्याला औषधी रसायनशास्त्राकडे, पॉलिमरकडे, पर्यावरणशास्त्राकडे किंवा मद्यार्क तंत्रज्ञानाकडे वळता येते. फक्त एका उपयोजित शाखेची पदवी घेतलेल्याला मूळ विषयाच्या एमएस्सीला अनेक ठिकाणी प्रवेशच मिळत नाही. शिष्यवृत्तीतही हा फरक दिसतो. बारावीच्या बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या इन्स्पायर शिष्यवृत्तीची वार्षिक रक्कम ८०,००० रुपये आहे आणि तिच्या विषयांच्या यादीत भौतिक, रसायन, गणित, सांख्यिकी, भूशास्त्र, वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, जीवरसायन असे विषय आहेत. जैवतंत्रज्ञान आणि संगणकशास्त्र त्यांत नाहीत. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची अधिसूचना अवश्य वाचावी.

रसायनशास्त्र

सोलापूर जिल्ह्यात राहून, म्हणजे घरून डबा घेऊन जाण्याच्या अंतरावर, बीएस्सीच्या पदवीवर काम मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त याच विषयात आहे, आणि म्हणून या विषयाकडे थोडे थांबून पाहायला हवे. जिल्ह्यात साखर कारखाने मोठ्या संख्येने आहेत. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण), पोल (साखरेचे प्रमाण), उतारा आणि मळीतील साखर तपासण्याचे काम लॅब केमिस्ट करतो, आणि अनुभव व पुढील शिक्षण घेऊन तो मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट होऊ शकतो. मात्र गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंतच चालतो, कामाच्या पाळ्या असतात आणि सुरुवातीच्या बऱ्याच जागा हंगामी असतात. या क्षेत्रात टिकायचे असेल तर बीएस्सीनंतर पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट किंवा कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था यांचे साखर तंत्रज्ञानाचे अथवा मद्यार्क तंत्रज्ञानाचे पदविका अभ्यासक्रम पाहावेत. इथेनॉलमुळे आसवनीचे (डिस्टिलरीचे) काम वाढले आहे आणि किण्वनप्रक्रिया समजणाऱ्या केमिस्टला साखरेच्या हंगामापलीकडेही काम असते.

दुसरे क्षेत्र औषधनिर्मितीचे आहे. चिंचोली औद्योगिक वसाहतीत आणि तामलवाडीच्या बाजूला रसायने व बल्क ड्रगचे (औषधांतील मूळ घटकाचे) कारखाने आहेत, शिवाय हैदराबाद आणि पुणे ही औषध उद्योगाची दोन मोठी शहरे सोलापूरच्या दोन बाजूंना आहेत. या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोल, क्वालिटी अॅश्युरन्स आणि प्रॉडक्शन असे विभाग असतात. प्रॉडक्शनपेक्षा क्वालिटी कंट्रोलमध्ये वाढ चांगली होते असे मानले जाते आणि तिथे एचपीएलसी, गॅस क्रोमॅटोग्राफ, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर या रासायनिक पृथक्करणाच्या उपकरणांवर हात बसलेला असावा लागतो. मुलाखतीत पुस्तकातली व्याख्या क्वचित विचारतात. द्रावणाची नॉर्मॅलिटी (तीव्रता) कशी काढली, उपकरण कॅलिब्रेट कसे केले, चूक कशी ओळखली, हे विचारतात. त्यामुळे महाविद्यालयात ही उपकरणे आहेत का आणि विद्यार्थ्यांना ती प्रत्यक्ष हाताळू देतात का, हा प्रश्न प्रवेशापूर्वीच विचारावा.

याशिवाय चादर आणि टॉवेलच्या उद्योगात रंगकामाला आणि सांडपाणी प्रक्रियेला रसायनाचे ज्ञान लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील एनटीपीसीच्या १३२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी बॉयलरच्या पाण्याची शुद्धता सांभाळणे हे रसायनशास्त्रज्ञाचे रोजचे काम असते, जरी अशा कंपन्यांत पदवीपेक्षा एमएस्सीला वजन अधिक असले. पाण्याचे, मातीचे आणि खतांचे परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. या विषयाची दुसरी बाजूही सांगायला हवी: बीएस्सी रसायनशास्त्र झालेले विद्यार्थी संख्येने खूप आहेत, सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि ज्याला पाळीचे काम, वास, उष्णता आणि काटेकोर नोंदी यांचा त्रास होतो, त्याने केवळ नोकरी मिळते म्हणून हा विषय घेऊ नये.

जीवशास्त्राच्या शाखा

वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांतील निवड करताना घरात सर्वांत जास्त वाद होतात, आणि त्यातला निम्मा वाद एका वस्तुस्थितीने मिटू शकतो. सीएसआयआर-नेट या संशोधन पाठ्यवृत्तीच्या राष्ट्रीय परीक्षेत या सगळ्या शाखांचा मिळून 'जीवविज्ञान' हा एकच विषय आहे. तेव्हा संशोधनाकडे जायचे असेल तर पदवीला यांपैकी कोणती शाखा घेतली, यापेक्षा पेशीशास्त्र, अनुवंशशास्त्र, जीवरसायन आणि थोडी सांख्यिकी पक्की झाली का, याला महत्त्व आहे. ही परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आयसर आणि आघारकर संशोधन संस्था ही संशोधनाची ठिकाणे सोलापूरहून रेल्वेने काही तासांवर आहेत.

संशोधन करायचे नसेल तर मात्र शाखेने फरक पडतो. शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे असेल तर वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे रुळलेले अध्यापन विषय आहेत. शाळेसाठी बीएस्सीनंतर बीएड आणि अकरावी-बारावीसाठी एमएस्सी व बीएड लागते. सूक्ष्मजीवशास्त्राला औषध कंपन्या, डेअरी, आसवनी, पाणी तपासणी आणि अन्नप्रक्रिया यांत काम असते. या शाखेबद्दल पालकांचा एक गैरसमज असतो की पदवीनंतर मुलाला स्वतःची पॅथॉलॉजी लॅब टाकता येईल. रुग्णाच्या तपासणी अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते, आणि तंत्रज्ञ म्हणून काम करायचे तरी डीएमएलटीसारखी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) पात्रता वेगळी घ्यावी लागते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतच जायचे असेल तर थेट वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदवीचा विचार करावा.

सोलापूरच्या विद्यार्थ्याला या शाखांत एक वेगळी अनुकूलता आहे आणि ती फारशी कुणी हेरत नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे, शहरात रब्बी ज्वारीवर काम करणारे केंद्र आहे, कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र तर स्वातंत्र्यपूर्व काळापासून आहे आणि ज्या मालदांडी ज्वारीची भाकरी आपण खातो ते वाण मोहोळच्या केंद्रातून निवडपद्धतीने पुढे आलेले आहे. डाळिंबावरचा तेल्या हा झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो आणि मर रोगामागे बुरशी असते. म्हणजे ज्या रोगांनी सांगोला आणि पंढरपूर भागातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, त्यांचा अभ्यास करणे हे सूक्ष्मजीवशास्त्राचे आणि वनस्पतिशास्त्राचेच काम आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प अशा विषयावर करावा, विभागामार्फत केंद्राकडे रीतसर पत्र पाठवून परवानगी मागावी, आणि प्रकल्पापुरत्या निघणाऱ्या संशोधन सहायकांच्या जागांवर लक्ष ठेवावे. त्या जागा कंत्राटी असतात, पण पुढच्या प्रवेशासाठी हा अनुभव फार उपयोगी पडतो.

गणित, सांख्यिकी आणि संगणक

पालक गणिताला घाबरतात आणि 'गणित घेऊन मास्तरच होणार' असे म्हणतात. मला ही समजूत नुकसानकारक वाटते. गणित किंवा सांख्यिकी मेजर असलेल्या विद्यार्थ्यासाठी आयआयटीतील एमएस्सीची जॅम परीक्षा, भारतीय सांख्यिकी संस्था, एमसीए, बँका, विमा कंपन्यांतील अॅक्च्युअरीचे (जोखमीचे गणित मांडण्याचे) काम आणि डेटा विश्लेषण या सगळ्या वाटा खुल्या असतात. पदवीला सांख्यिकी विषय असेल तर भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते, आणि कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी या पदासाठीही तो उपयोगी ठरतो. जिथे सांख्यिकी मेजर म्हणून मिळत नाही तिथे ती मायनर म्हणून घ्यावी. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही, नियम परवानगी देत असतील तर, हेच सांगेन.

संगणकशास्त्राकडे, विशेषतः बीएस्सी ईसीएस (एन्टायर कॉम्प्युटर सायन्स) आणि बीसीएकडे, मोठा ओढा आहे. बीसीएला आता राज्याची स्वतंत्र सीईटी द्यावी लागते, हे विसरू नये. हे अभ्यासक्रम बहुधा विनाअनुदानित तुकड्यांत चालतात आणि शुल्क अनुदानित बीएस्सीच्या कितीतरी पट असू शकते. या क्षेत्रात पदवीच्या नावापेक्षा काय करून दाखवता येते याला किंमत असल्याने, तीन वर्षांत प्रोग्रामिंगची एक भाषा आणि डेटाबेस नीट शिकून दोन-तीन पूर्ण चालणारी कामे स्वतः तयार करण्याची तयारी असेल तरच एवढा खर्च करावा. ज्याला प्रोग्रामिंग आवडेल की नाही याची खात्री नाही, त्याने गणित मेजर आणि संगणकशास्त्र मायनर घ्यावे, म्हणजे मन बदलले तरी अडचण होत नाही.

भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि भूशास्त्र

भौतिकशास्त्र गणिताशिवाय घेऊ नये. दोन्ही एकत्र असतील तर वर सांगितलेली विमानतळ प्राधिकरण आणि हवामान विभागाची पदे, भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षणार्थी आणि जॅममार्फत एमएस्सी या संधी मिळतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये मेघबीजनाचे (कृत्रिम पावसाचे) प्रयोग सोलापूर परिसरात केले होते. ढगांचे भौतिकशास्त्र हा विषय या दुष्काळी पट्ट्यातील मुलांनी हाती घ्यावा असे मनापासून वाटते, आणि त्याची सुरुवात भौतिकशास्त्राच्या बीएस्सीपासूनच होते. इलेक्ट्रॉनिक्स मायनर म्हणून चांगले; मेजर म्हणून घेतल्यास नोकरीत अभियांत्रिकी पदविकाधारकांशी स्पर्धा करावी लागते.

भूशास्त्र फार थोड्या महाविद्यालयांत आहे, पण पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे. बेसाल्टच्या खडकात पाणी कुठे मुरते आणि कुठे साठते, हे जाणणाऱ्याची या जिल्ह्याला गरज आहे. सरकारी भूवैज्ञानिकाच्या पदांसाठी सहसा एमएस्सी लागते, त्यामुळे या वाटेला पाच वर्षे धरूनच चालावे.

महाविद्यालयात गेल्यावर काय पाहावे

विषय ठरल्यावर महाविद्यालयाची निवड नावावरून करू नये. त्या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत आणि तासिका तत्त्वावर किती, प्रात्यक्षिके आठवड्याला ठरल्याप्रमाणे होतात का, एका उपकरणावर किती विद्यार्थी असतात, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्या विभागातून किती जण एमएस्सीला बाहेर गेले, हे प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावेत, कारण ती मुले खरे उत्तर देतात. निवडलेल्या विषयाच्या तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रमही विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून वाचून पाहावा. पहिल्या वर्षाचा भाग बारावीसारखा वाटतो. विषयाचे खरे स्वरूप शेवटच्या वर्षी दिसते, आणि त्यातली प्रकरणांची नावे वाचूनही उत्सुकता वाटत नसेल तर दुसऱ्या विषयाचा विचार करायला अजून वेळ असतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी केवळ इंग्रजीच्या भीतीने विषय बदलू नये. पहिल्या सत्रात पारिभाषिक शब्दांची स्वतःची वही केली तर दिवाळीपर्यंत पुस्तके वाचता येऊ लागतात.

तीन वर्षांनंतर बाहेर एमएस्सी करायची असेल तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपासून प्रवेश परीक्षांची तयारी सुरू करावी लागते. जॅमचे अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, म्हणजे तिसऱ्या वर्षाचे सहावे सत्र नुकतेच सुरू झालेले असते. ही परीक्षा जैवतंत्रज्ञान, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, भूशास्त्र, गणित, गणितीय सांख्यिकी आणि भौतिकशास्त्र या सात विषयांत घेतली जाते, आणि वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यांपैकी सहसा जैवतंत्रज्ञानाची प्रश्नपत्रिका जवळची पडते. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी वेगळी असते. महाविद्यालयाची सूचना येईल म्हणून वाट न पाहता या दोन्ही परीक्षांच्या अर्जाच्या तारखा विद्यार्थ्याने स्वतः तपासत राहाव्यात, आणि जातीचे, उत्पन्नाचे व नॉन-क्रीमीलेअरचे दाखले त्याआधीच्या उन्हाळ्यातच काढून ठेवावेत.